अणूचे सुट्टे पैसे

हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन एकच. बाहेरून ऊर्जा देऊन त्याला तळातून दुसऱ्या पातळीवर चढवलं, तर तो तिथं फार काळ टिकत नाही. सरासरी १.६ नॅनोसेकंदांत एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, बाहेर टाकून तो परत तळाशी येतो. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम हातभर पुढं सरकतो.

मात्र या दुसऱ्या पातळीवर बसायला दोन प्रकारच्या जागा आहेत. ऊर्जेच्या हिशेबात दोन्ही जवळपास सारख्याच. एकीला म्हणतात २पी, दुसरीला २एस. वरचा नॅनोसेकंदांचा हिशेब २पीचा. २एसमध्ये बसलेला इलेक्ट्रॉन सरासरी ०.१२ सेकंद जागचा हलत नाही. आपल्या घड्याळात हा वेळ किरकोळ वाटेल, पण २पीच्या तुलनेत तो साडेसात कोटी पट आहे. २पीतला मुक्काम एक सेकंदाचा धरला, तर २एसमधला मुक्काम जवळपास अडीच वर्षांचा होतो.

शेवटी तो खाली येतो तेव्हाही सरळपणे येत नाही. एकाऐवजी दोन फोटॉन टाकतो. अणूंच्या दुनियेत ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या चलनात मोजतात. दोन्ही फोटॉनांची मिळून रक्कम दर वेळी १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच भरते, पण त्यात कुणाचा वाटा किती, हे आधी ठरलेलं नसतं. एकदा ५ आणि ५.२, एकदा ३ आणि ७.२, क्वचित अर्धा आणि ९.७. अख्खी नोट चालत नाही म्हणून अणू सुट्टे देतो. कोणती नाणी द्यायची याची त्याला फिकीर नाही, बेरीज तेवढी चुकता कामा नये.

नोट का चालत नाही, हे समजायला इलेक्ट्रॉनच्या ढगाचा आकार पाहावा लागतो. एस अवस्थेतला ढग चेंडूसारखा गोल असतो, त्याचा कोनीय संवेग, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, शून्य. तळाची अवस्था १एस, तीही गोल. फोटॉन मात्र रिकाम्या हातानं बाहेर पडत नाही. जाताना तो कोनीय संवेगाचं किमान एक एकक घेऊन जातो. गोल ढगातून गोल ढगात उतरताना हे एकक आणायचं कुठून? २पीचा ढग डमरूसारखा असतो, त्याच्या खिशात नेमकं एक एकक असतं, म्हणून तो फोटॉन झटकन देऊन मोकळा होतो. २एसकडे द्यायला काही नाही. दोन फोटॉन एकदम निघाले तर मात्र एकानं नेलेलं एकक दुसऱ्याच्या एककानं फिटतं, आणि खातं शून्यावर शून्य जुळतं.

यात एक पळवाट आहे, ती आत्ताच सांगून टाकतो कारण पुढं तिची गरज पडेल. इलेक्ट्रॉनला स्वतःची फिरकी असते आणि ती उलटवून एका फोटॉनला लागणारं एकक पुरवता येतं. पण हायड्रोजनमध्ये ही वाट इतकी अरुंद आहे की केवळ तिच्यावर विसंबलं तर २एसमधल्या इलेक्ट्रॉनला सरासरी साडेचार दिवसांहून जास्त थांबावं लागेल. दुसरी एक शक्यता अशी, की २एसमधून शेजारच्या, किंचित खाली असलेल्या २पीत उतरायचं आणि मग नेहमीच्या वाटेनं तळ गाठायचा. ती पायरी इतकी बुटकी आहे की ती आपसूक उतरायची वाट पाहत बसलं तर दशकं जातील. म्हणजे तीन दारं, आणि त्यांतलं सुट्ट्या पैशांचं दार सर्वांत रुंद. रुंद तरी किती? दर सेकंदाला ८.२ वेळा, एवढंच.

अणू एका फटक्यात दोन फोटॉन टाकू शकतो हे गणितानं दाखवलं मारिया गोपर्ट यांनी. १९२९ साली त्या गॉटिंगेनला माक्स बोर्न यांच्याकडे पीएच.डी. करत होत्या, वय २३. त्या वर्षी त्यांनी एक छोटं टिपण छापलं, आणि १९३१ साली, लग्नानंतर गोपर्ट-मायर या नावानं, सविस्तर लेख. मधल्या काळात त्या नवऱ्याबरोबर अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या होत्या, जिथं नवऱ्याला प्राध्यापकाची नोकरी होती आणि त्यांना कितीतरी वर्षं पगाराची जागा मिळाली नाही. पुढं १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं ते अणुकेंद्राच्या रचनेवरच्या कामासाठी. हा प्रबंध त्यांच्या चरित्रांत एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. माझ्या मते हे थोडं अन्यायाचं आहे.

त्या लेखात आपल्याला जवळचा वाटावा असा एक धागा आहे. दोन फोटॉन एकदम बाहेर पडण्याची क्रिया त्यांनी रामन परिणामाच्या जातकुळीतली म्हणून मांडली. रामन यांचा शोध १९२८चा, म्हणजे तेव्हा अगदी ताजा. रामन परिणामात एक फोटॉन आत येतो आणि वेगळ्या ऊर्जेचा दुसरा बाहेर जातो. रेणू हा फरक आपल्याकडे ठेवतो किंवा पदरचा घालतो. दोन फोटॉनांचा व्यवहार एकाच घटनेत होतो, मध्ये थांबा नसतो. गोपर्ट-मायर यांनी विचारलं, की एक आत आणि एक बाहेर असं घडतं, तर दोन्ही बाहेर किंवा दोन्ही आत असं का घडू नये? दोन्ही आत, म्हणजे दोन फोटॉनांनी मिळून अणूला उत्तेजित करणं, १९६१ साली लेसर हाताशी आल्यावर लगेच दिसलं. आज जिवंत मेंदूच्या आतल्या पेशी पाहणारे सूक्ष्मदर्शक त्यावर चालतात आणि त्या क्षेत्रातल्या एककाला गोपर्ट-मायर यांचंच नाव आहे. दोन्ही बाहेर, हे दाखवायला मात्र जास्त वेळ गेला.

इथं थोडं थांबून एक गैरसमज दूर करायला हवा. शाळेपासून आपल्या डोक्यात जिन्याचं चित्र बसलेलं असतं: पातळ्या म्हणजे पायऱ्या, इलेक्ट्रॉन एकेक उतरतो. मग दोन फोटॉन म्हटल्यावर आपण मध्ये एक चोरपायरी कल्पितो. अशी पायरी नाही. पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या मध्ये हायड्रोजनमध्ये काहीही नाही. गणित करताना अणूच्या सगळ्या पी अवस्थांचा, अगदी इलेक्ट्रॉन अणूतून सुटून गेल्यानंतरच्या अवस्थांचाही, थोडा थोडा वाटा जमेस धरावा लागतो, पण इलेक्ट्रॉन त्यांतल्या एकाही जागी टेकत नाही. आधी एक फोटॉन, मग मध्यंतर, मग दुसरा असा क्रमच तिथं नसतो. मध्ये खरीच पायरी असती तर दोन ठरावीक ऊर्जांच्या दोन रेषा दिसल्या असत्या. दिसतो तो रेषांऐवजी एक पसरट पट्टा. फोटॉनांची संख्या ऊर्जेनुसार मांडली तर हा पट्टा मधोमध, ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, सर्वांत उंच असतो आणि दोन्ही बाजूंना सारखाच उतरत टोकांशी शून्य होतो. तो दोन्ही बाजूंना सारखा असायलाच हवा, कारण डावीकडच्या प्रत्येक फोटॉनचा जोडीदार उजवीकडे असतो.

अणूचा प्रकाश म्हणजे सुट्या सुट्या रेषा, ही आपली पक्की समजूत. सर्वांत साधा अणू तिला अपवाद ठरावा, याची मला गंमत वाटते.

हायड्रोजनसाठी प्रत्यक्ष आकडा काढायचा पहिला प्रयत्न १९४० साली ग्रेगरी ब्राइट आणि एडवर्ड टेलर यांनी केला. टेलर म्हणजे पुढं हायड्रोजन बॉम्बसाठी गाजलेले तेच. त्यांना २एसचं आयुष्य सेकंदाचा साधारण सातवा हिस्सा मिळालं, आणि लेख छापला खगोलशास्त्राच्या नियतकालिकात. यामागं कारण होतं. पृथ्वीवरच्या नळीतल्या हायड्रोजनमध्ये अणूंची एकमेकांशी आणि भिंतींशी सतत टक्कर होते. २एसमधल्या इलेक्ट्रॉनला सेकंदाचा सातवा हिस्सा निवांत बसू देतंय कोण? असा निवांतपणा ताऱ्यांमधल्या विरळ वायूत मिळतो. १९५१ साली लायमन स्पिट्झर आणि जेसी ग्रीनस्टीन यांनी गणित आणखी नेमकं केलं आणि दर सेकंदाला ८.२३ हा दर काढला. मरत्या ताऱ्यांनी उधळलेल्या वायूच्या ढगांतून, म्हणजे ग्रहीय अभ्रिकांतून, जो रेषांवाचूनचा प्रकाश येतो त्यात या सुट्ट्या फोटॉनांचा मोठा वाटा असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते खरं निघालं. अशा ढगात प्रोटॉननं इलेक्ट्रॉन पकडला की साधारण दर तीन वेळांतून एकदा तो घरंगळत २एसमध्ये येऊन अडकतो, आणि मग सुट्टे देण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं.

मधल्या काळात या रेंगाळण्याचा एका वेगळ्याच कामासाठी उपयोग झाला. १९४७ साली विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफोर्ड यांनी २एसमधल्या हायड्रोजन अणूंचा झोत पाठवला, वाटेत त्याच्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या आणि कोणत्या वारंवारतेला अणू २पीत घसरून विझतात ते पाहिलं. त्यातून २एस आणि २पी यांच्या ऊर्जेतला बारीकसा फरक सापडला, जो तेव्हाच्या सिद्धान्तानुसार असायलाच नको होता. आधुनिक क्वांटम विद्युतगतिकी, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांच्या व्यवहाराचा सिद्धान्त, त्या धक्क्यातून उभी राहिली. हा प्रयोग जमला, कारण २एसमधले अणू शोधकापर्यंत जिवंत पोहोचत होते.

मात्र जे अणू जिवंत पोहोचतात त्यांचं नैसर्गिक मरण पाहायचं कसं? तापवलेल्या भट्टीतून निघालेले हायड्रोजनचे अणू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगानं धावतात. ०.१२ सेकंदात ते जवळपास किलोमीटरभर जातील. तुमच्या उपकरणाची खिडकी एक सेंटीमीटरची असेल, तर तिच्यासमोरून जाणाऱ्या लाख अणूंमधला एखादाच तिथं सुट्टे देईल. भरीला आणखी एक डोकेदुखी. आसपास जरासं विद्युतक्षेत्र असलं तरी २एस आणि २पी यांची सरमिसळ होते आणि अणू आखूड वाटेनं, एकच फोटॉन टाकून, तळ गाठतो. दर सेंटीमीटरला १० व्होल्ट एवढं क्षेत्र पुरतं, मग ०.१२ सेकंदांचं आयुष्य काही मायक्रोसेकंदांवर येतं. प्रयोगशाळेतल्या धातूच्या पत्र्यावर चुकून साठलेला विद्युतभारही घात करू शकतो.

म्हणून पहिली साक्ष हायड्रोजननं दिली नाही, हेलियमच्या आयनानं दिली. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन. त्यांतला एक काढून टाकला की उरतो तो हायड्रोजनसारखाच एकांडा इलेक्ट्रॉन, फक्त मध्ये दुप्पट भाराचं केंद्र. ओढ वाढल्यानं इलेक्ट्रॉनचा ढग आक्रसतो, पातळ्यांमधलं अंतर चौपट होतं, आणि दोन फोटॉनांचा दर वाढतो ६४ पटीनं. म्हणजे आयुष्य १.९ मिलिसेकंद. शिवाय २एस आणि २पी यांच्यातली फटही रुंदावते, त्यामुळं भटक्या विद्युतक्षेत्राचा जाच कमी होतो. १९६५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लिपेलेस, नोविक आणि टोल्क यांनी असे आयन झोतात सोडले आणि अतिनील प्रकाश टिपणारे दोन शोधक रोखून धरले. नोट इथं ४०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टची. दोन्ही शोधक एकाच क्षणी वाजले तर ती जोडी. क्षेत्रामुळं सुटलेल्या एकट्या फोटॉनला जोडीदार नसतो, त्यामुळं तो आपोआप गाळला जातो.

त्यांनी याहून बारीक गोष्टही तपासली. सिद्धान्त सांगत होता, की दोन फोटॉन एकाच रेषेत, एकमेकांच्या विरुद्ध किंवा सोबत, जाण्याची शक्यता काटकोनात जाण्यापेक्षा दुप्पट असते. शोधकांमधला कोन बदलत गेल्यावर जोड्यांची संख्या तशीच बदलली. माझ्या लेखी हा त्या प्रयोगाचा खरा कळस. एकदम दोन फोटॉन सुटतात हे मान्य केलं तरी ते योगायोगानं भेटलेले दोन प्रवासी आहेत की एकाच घरातून निघालेली भावंडं, हे कोनानं सांगितलं.

भावंडांचं नातं किती घट्ट, याची परीक्षा पुढं स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग विद्यापीठात झाली. १९८५ साली तिथल्या गटानं जड हायड्रोजनच्या, म्हणजे ड्युटेरियमच्या, २एस अवस्थेतून निघालेल्या जोडफोटॉनांचं ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा, मोजलं. दोन्ही फोटॉन आधीच ठरवून दिलेलं ध्रुवण घेऊन निघतात असं मानलं तर त्यांच्या जुळणीला एक वरची मर्यादा पडते. जॉन बेल यांनी सांगितलेली. ती मर्यादा ओलांडली गेली.

आयनांकडे परत येऊ, कारण खरी मजा जड केंद्रांकडे गेल्यावर सुरू होते. अणुक्रमांक वाढला की दोन फोटॉनांचा दर त्याच्या सहाव्या घातानं वाढतो. अरगॉनचा क्रमांक १८. त्याचे सतरा इलेक्ट्रॉन सोलून काढले आणि एकच ठेवला, तर दर हायड्रोजनच्या ३.४ कोटी पट होतो आणि २एसचं आयुष्य उरतं साडेतीन नॅनोसेकंद. एवढे इलेक्ट्रॉन सोलायचे कसे, तर आयनांना भरधाव वेग देऊन एका पातळ पत्र्यातून आरपार सोडायचं. पत्र्यातले अणू इलेक्ट्रॉन ओरबाडून काढतात आणि पलीकडून उत्तेजित, जवळजवळ नागडे आयन बाहेर पडतात. कॅलिफोर्नियात बर्कलीला मारस आणि श्मीडर यांनी १९७०च्या आसपास हेच केलं. आयन प्रकाशाच्या वेगाच्या एका मोठ्या अंशानं धावत असल्यामुळं साडेतीन नॅनोसेकंदांचं आयुष्य वीतभर अंतरावर पसरतं. मग घड्याळाची गरजच नाही, पट्टी पुरते. शोधक पत्र्यापासून मागं मागं सरकवायचे आणि क्ष-किरणांच्या जोड्या किती भरभर विरळ होतात ते पाहायचं. हो, क्ष-किरणांच्या, कारण अरगॉनमध्ये नोट तब्बल ३,३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टची होते. मोजलेलं आयुष्य गणिताशी जुळलं.

आता त्या पळवाटेकडे. फिरकी उलटवून एकच फोटॉन टाकायची जी अरुंद वाट होती, तिचा दर अणुक्रमांकाच्या दहाव्या घातानं वाढतो. हायड्रोजनमध्ये ती नगण्य. अरगॉनमध्ये शंभरातले तीनेक इलेक्ट्रॉन तिनं जातात. अणुक्रमांक चाळिशीच्या थोडं पुढं गेला की दोन्ही वाटा सारख्या रुंद होतात, आणि युरेनियमसारख्या जड आयनात ही वाटच राजरस्ता बनते. तिथं इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाशी तुलना करण्याजोगा होतो. चुंबकीय परिणाम, जे हलक्या अणूत कोपऱ्यात बसलेले असतात, ते पुढं येतात.

ज्याला सुट्ट्या पैशांशिवाय दुसरी वाटच नाही असा आयन हवा असेल तर एक इलेक्ट्रॉन परत घ्यावा लागतो. दोन इलेक्ट्रॉनांच्या, हेलियमसारख्या आयनात एक अवस्था अशी असते की एक इलेक्ट्रॉन १एसमध्ये, दुसरा २एसमध्ये, आणि दोघांच्या फिरक्या परस्परविरुद्ध. सगळ्या कोनीय संवेगांची बेरीज शून्य. तळाच्या अवस्थेचीही शून्य. शून्यातून शून्यात एकटा फोटॉन टाकून जाणं पूर्णपणे बंद. फिरकीची पळवाटही इथं चालत नाही. साध्या हेलियममध्ये या अवस्थेचं आयुष्य १९.७ मिलिसेकंद आहे.

तिची जुळी बहीण मात्र वेगळीच निघाली. दोन्ही फिरक्या एकाच दिशेला असल्या तर जी अवस्था होते, ती हेलियममध्ये सुमारे ७,८७० सेकंद टिकते, म्हणजे दोन तासांहून जास्त. कोणत्याही तटस्थ अणूच्या उत्तेजित अवस्थेसाठी हा चकित करणारा मुक्काम आहे. तीही दोन फोटॉन टाकूनच खाली येत असणार, असा समज ब्राइट आणि टेलर यांच्यापासून रूढ होता. १९६९ साली गेब्रिएल आणि कॅरोल जॉर्डन यांना सूर्याच्या क्ष-किरण वर्णपटात काही रेषा दिसल्या, ज्या कार्बन, ऑक्सिजन, निऑन यांच्या हेलियमसारख्या आयनांतल्या नेमक्या याच अवस्थेतून येत होत्या. रेषा होत्या, पसरट पट्टा नव्हता. म्हणजे ही बहीण वेळ लागला तरी पूर्ण नोटच देते. तिच्या बाबतीत सुट्ट्याची वाट आणखीच अरुंद होती.

जर्मनीत डार्मश्टाटला आयनांना गोल कड्यात फिरवत ठेवणारं एक साठवण-वलय आहे. तिथं २०१०च्या सुमारास कथिलाच्या आयनांवर एक देखणा प्रयोग झाला. कथिलाचे पन्नासपैकी तीन इलेक्ट्रॉन ठेवलेले आयन वलयात फिरवायचे आणि त्यांना विरळ वायूवर आदळवायचं. टक्करीत आतल्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक उडाला की उरतात एक आत आणि एक २एसमध्ये, म्हणजे हवी तीच अवस्था, आणि आजूबाजूचा कचरा जवळजवळ नाहीच. त्यामुळं क्ष-किरणांच्या पट्ट्याचा आकार इतका स्वच्छ मिळाला की सापेक्षतेमुळं आणि दोन इलेक्ट्रॉनांच्या परस्पर रेटारेटीमुळं त्यात पडणारा बारीक फरकही वाचता आला.

उलटी क्रियाही सोडून चालणार नाही. २४३ नॅनोमीटरचे दोन फोटॉन हायड्रोजनला दिले तर तो १एसमधून २एसमध्ये चढतो. २एस इतका रेंगाळतो म्हणून या संक्रमणाची रुंदी सुमारे १.३ हर्ट्झ एवढीच, आणि वारंवारता सेकंदाला २,४६६ लाख कोटींच्या घरात. टेओडोर हेन्श यांच्या गटानं ती पंधरा अंकांपर्यंत मोजली. जिनिव्हाजवळ सर्न प्रयोगशाळेत प्रतिहायड्रोजनवर, म्हणजे हायड्रोजनच्या प्रतिद्रव्यातल्या जुळ्यावर, पहिल्यांदा लेसर चालवला तोही याच संक्रमणावर.

आता सर्वांत मोठी प्रयोगशाळा. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवत निवत ३,००० केल्व्हिनपर्यंत आलं आणि मोकळे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन जोडले जाऊन हायड्रोजन बनू लागला. तोवर विश्व धुक्यासारखं अपारदर्शक होतं, कारण मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सरळ जाऊ देत नव्हते. इलेक्ट्रॉन अणूत बांधले गेले आणि प्रकाश सुटला. तोच आज वैश्विक पार्श्वभूमी प्रारण म्हणून आकाशभर सापडतो. दिलेल्या तापमानाला किती अणू आयनित असतील हे मेघनाद साहांच्या १९२०च्या समीकरणावरून काढता येतं, आणि साहजिकच पहिले हिशेब त्यावरून झाले.

मॉस्कोत अतिनील खगोलशास्त्रज्ञ व्लादिमीर कुर्ट यांना मात्र एक शंका आली. प्रत्येक अणू बनताना शेवटी १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन बाहेर पडायला हवा. ते एवढे सगळे फोटॉन गेले कुठं? प्रश्न साधा होता आणि त्यानं साहांच्या समीकरणाचा सरळ वापर अडचणीत आणला. कारण असा फोटॉन सुटतो न सुटतो तोच शेजारचा अणू त्याला गिळतो आणि स्वतः उत्तेजित होतो. उत्तेजित अणूतला इलेक्ट्रॉन तेव्हाच्या प्रखर प्रारणात सहज उडून जातो. एकानं नोट टाकली, दुसऱ्यानं उचलली. जमाखर्च शून्य. विश्वाच्या प्रसरणामुळं थोडे फोटॉन ताणले जाऊन पकडीबाहेर जात होते, पण फार हळू.

सुट्टे मात्र कुणी उचलत नाही. दोन्ही फोटॉनांपैकी प्रत्येकाची ऊर्जा १०.२हून कमी. तळाशी बसलेल्या हायड्रोजनला एवढ्यात एकही पायरी चढता येत नाही, त्यामुळं दोन्ही नाणी त्याच्यासमोरून बिनदिक्कत निघून जातात आणि एक अणू कायमचा तटस्थ होतो. १९६८ साली मॉस्कोत झेल्डोविच, कुर्ट आणि सुन्याएव यांनी, आणि प्रिन्स्टनमध्ये जिम पीबल्स यांनी, स्वतंत्रपणे हा हिशेब मांडला. निघालं असं, की विश्वातल्या निम्म्याहून अधिक हायड्रोजननं तळ गाठला तो या वाटेनं. सेकंदाला आठ वेळा ठिबकणारं दार सर्व विश्वाच्या हायड्रोजनसाठी मुख्य दरवाजा होतं. साहांच्या समीकरणाला समतोल गृहीत लागतो, आणि इथं समतोलाला वेळच मिळाला नाही. त्यामुळं पुनर्संयोग, म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची ही जोडणी, त्यांच्या सूत्रापेक्षा सावकाश झाला.

अभ्रिकांतला तो पसरट पट्टा अलीकडे पुन्हा चर्चेत आला. २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटांतून ऑक्सफर्डच्या गटानं एक दीर्घिका दाखवली. महास्फोटानंतर साधारण १०० कोटी वर्षांनंतरची. तिच्या प्रकाशाचा आलेख अतिनील भागात चढत जातो आणि १२१.६ नॅनोमीटरची, म्हणजे १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या अख्ख्या नोटेची, सीमा येण्याच्या थोडं आधी वळून खाली येतो. दोन फोटॉनांच्या पट्ट्याला शोभेल तसा. त्यांचा अर्थ असा, की तिथं ताऱ्यांपेक्षा तापलेला वायूच जास्त उजळतो आहे, म्हणजे आतले तारे विलक्षण तप्त असले पाहिजेत. समोर पडलेल्या हायड्रोजनच्या दाट पडद्यानंही असं वळण दिसू शकतं, असं दुसऱ्या काहींचं म्हणणं आहे. मला पहिलं स्पष्टीकरण आवडतं, पण आवडणं हा काही पुरावा नव्हे.

राहता राहिला तो ८.२. प्रयोगशाळेत हायड्रोजनच्या २एसचा हा दर थेट मोजणं किती कठीण आहे ते वर आलंच. तशी मोजमापं झाली ती ढोबळ. पण दर वेगळा असता तर धुकं थोडं आधी किंवा थोडं नंतर विरलं असतं, आणि पार्श्वभूमी प्रारणावरच्या डागांची नक्षी बदलली असती. हे प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या गटानं २०१५च्या निकालांत हा हिशेब उलटा केला. दर माहीत नाही असं समजून तो नक्षीवरूनच काढला. उत्तर आलं सेकंदाला ७.७२, अधिक-उणे ०.६०. कागदावरचं गणित म्हणतं ८.२२. हायड्रोजनच्या एका अणूचा हा आकडा टेबलावरच्या कोणत्याही उपकरणापेक्षा नेमकेपणानं मोजला गेला तो असा, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर थांबलेल्या एका दुर्बिणीनं, १,३८० कोटी वर्षं प्रवास करून आलेल्या प्रकाशावरून.